कॅनॉलच्या कडेने सायकल: नीरा डावा कालवा

ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे मुरमाच्या कच्च्या रस्त्यांवरचं सायकलिंग, आपल्याकडे नक्की कुठे करायचं असं मला बऱ्याच जणी विचारतात, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, कॅनॉलच्या रस्त्याला जा. घाट नको, हायवे नको, कुठला खास ट्रॅक बांधायची वाट बघायला नको. पश्चिम महाराष्ट्रात शेकडो किलोमीटर मुरमाचे रस्ते कालव्यांच्या कडेने पडून आहेत, त्यांच्यावर ट्रॅफिक नाही, सिग्नल नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी ते इतके सपाट आहेत की पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला विश्वास बसत नाही की आपण दख्खनमध्येच आहोत.

मी सगळ्यात जास्त फिरलेय ती नीरा डाव्या कालव्यावर, म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते. आजोळ बारामती तालुक्यातलं, त्यामुळे लहानपणापासून कॅनॉल म्हणजे मामाच्या बोलण्यातलं "पाणी कधी सुटतंय", "पाळी कधी येतेय" एवढंच माहिती होतं, त्याच्या कडेने जाणारा रस्ता सलग किती लांब जातो हे सायकल घेतल्यावर कळलं. वीर धरणापाशी हा कालवा सुरू होतो आणि पुरंदर, बारामती, इंदापूर असे तालुके पार करत जवळपास १६० किलोमीटर जातो. नीरा गावाजवळून निघून निंबूत, सोमेश्वरनगर, करंजेपूल, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, पणदरे, माळेगाव आणि मग बारामती शहर, असा पहिला टप्पा धरला तर डांबरी रस्त्याने तो चाळीसेक किलोमीटर भरतो, कॅनॉलने त्यापेक्षा बराच जास्त, कारण कॅनॉल सरळ जातच नाही.

आणि तो सरळ का जात नाही यातच या रस्त्याची सगळी मजा आहे. कालव्याला पंप नसतो, पाणी आपल्या वजनानेच पुढे सरकत जाणार, त्यामुळे त्याला उतार तर पाहिजे पण अगदी नावाला, जास्त दिला तर पाणी तळ आणि कडा खरवडून काढणार आणि कमी दिला तर गाळ बसणार. शिवाय कालवा जितका उंचावरून जाईल तितकी जास्त जमीन त्याच्याखाली येणार, म्हणून उंची उगाच वाया घालवायची नाही. मग इंजिनियर काय करतात, टेकडीच्या अंगाने एकाच उंचीच्या रेषेला धरून कालवा नेतात, ओढा आला की आत वळायचं, सोंड आली की बाहेर वळसा घालायचा. आणि देखभालीसाठी म्हणून जो रस्ता कडेला ठेवलेला असतो तो अर्थातच कालव्याबरोबरच वळतो. म्हणजे तुम्हाला एक असा कच्चा रस्ता मिळतो जो सतत वळणं घेतो पण चढत नाही. गिअर बदलायची गरजच फारशी पडत नाही, एका लयीत पाय चालू राहतात, आणि ते तासन्‌तास.

युरोपातल्या कॅनॉलच्या कडेने लोक सायकली चालवतात त्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. फ्रान्समधला कनाल द्यु मिदी १६८१ मध्ये पुरा झाला, तुलूजपासून समुद्रापर्यंत २४० किलोमीटर, आणि अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ सुरू होणारी चेसापीक-ओहायो कालव्याची वाट जवळपास २९७ किलोमीटर आहे. पण ते कालवे बोटींचे. बोट ओढायला घोडा लागायचा, घोड्याला वाट लागायची, ती वाट आज सायकलवाल्यांना मिळाली. तिथे पाणी पायऱ्यापायऱ्यांनी वर-खाली जातं, लॉक, म्हणजे बोट वर-खाली करायची दारांची टाकी, आलं की वाटही छोटासा चढ किंवा उतार घेते. आपला कालवा शेतीचा, त्याला लॉक नाहीत, मधे कुठे उतार फारच झाला तर पाणी खाली उडी मारतं त्याला पाटबंधारे खात्यात फॉल म्हणतात, तेवढाच काय तो झटका. आपली वाट घोड्यासाठी नाही, पाटकऱ्यासाठी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसासाठी, आणि इन्स्पेक्शनच्या जीपसाठी ठेवलेली आहे. ती आजही त्यांचीच आहे, आपण फक्त तिच्यावरून जातो, हे डोक्यात पक्कं ठेवून जावं.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट सांगते. नीरेकडून बारामतीकडे निघालात, म्हणजे पाण्याच्या दिशेने, की बऱ्याच पट्ट्यात कालवा तुमच्या डाव्या हाताला असतो आणि तुम्ही उजवीकडच्या भरावावरून चालवता. उजव्या हाताला जमीन नदीकडे उतरत जाते, आणि ती सगळी हिरवी, ऊस, ऊस, मधे गव्हाचा तुकडा, मका, कडवळ, परत ऊस. कालव्याच्या पलीकडे डावीकडे जमीन वर चढते आणि तिथे माळ, कुसळी गवत, ज्वारी-बाजरीची रानं, मेंढरं. पाणी वर चढत नाही, त्यामुळे कालव्याच्या खालची जमीन बागायत आणि वरची जिरायत, आणि या दोन्हीच्या बरोबर मधल्या रेषेवर तुमची सायकल. आता वरच्या अंगालाही लोकांनी मोटारी टाकून, विहिरी पाडून, पाइपलाइनी नेऊन हिरवे तुकडे केलेत, तरी फरक दिसायचा तो दिसतोच, विश्वास नसेल तर मोबाइलवर सॅटेलाइट व्ह्यू उघडून कालव्याची रेघ बघा, एका बाजूला हिरवं आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी, कोणी सांगायची गरज नाही.

ही रेघ नुसती नकाशावरची नाही. आमच्याकडे सोयरीक बघताना सुद्धा विचारायचे, जमीन कॅनॉलखाली आहे का? मामाची काही जमीन खाली आणि एक तुकडा वर, त्यामुळे घरात दोन्ही प्रकारची शेती आणि दोन्ही प्रकारच्या चिंता. वरच्या तुकड्यात पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर नुसतं आभाळाकडे बघणं, आणि खालच्या रानात ऊस उभा, पण त्याला आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटायची पाळी, दोन आठवडे लांबलं की मामाचा चेहरा बघवत नसे. सायकलवरून तासभर जाताना डावीकडे-उजवीकडे हे सगळं लांबच्या लांब उलगडत जातं, गाडीतून जाताना ते कधीच कळत नाही कारण डांबरी रस्ता एकदा हिरव्यातून जातो, एकदा माळावरून जातो, त्याला या रेषेशी काही देणंघेणं नाही.

या भागात पाऊस किती, तर वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. तिकडे भाटघर धरणाच्या वर, सह्याद्रीच्या कुशीत, धो धो कोसळतो आणि इकडे बारामती-इंदापुरात ढग नुसते वरून जातात. म्हणून तर कालवा काढला. १८७६ ते ७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ, त्यात हा भाग होरपळून निघाला, त्यानंतर दुष्काळी भागाला पाणी द्यायचं म्हणून कालव्याचं काम जोरात झालं आणि १८८५ च्या सुमाराला पाणी वाहायला लागलं. भाटघरचं पहिलं धरण १८९२ चं, त्याच्या जागी मोठं लॉइड धरण १९२८ मध्ये झालं. आज भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि वीर अशा चार धरणांचं मिळून पाणी येतं. वरून सोडलेलं पाणी नीरा नदीच्या पात्रातून वीरपर्यंत येतं आणि तिथून कालव्यात शिरतं. म्हणजे सोमेश्वरनगरला आपण ज्या पाण्याशेजारून जातोय ते भोरच्या डोंगरात पडलेला पाऊस आहे, हे मला दर वेळी नव्याने भारी वाटतं.

इंजिनियर विश्वेश्वरय्यांचं नाव आपण खडकवासल्याच्या दारांसाठी ऐकतो, पण त्यांची ब्लॉक पद्धत याच नीरा कालव्यावर आली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पाणी आलं की कालव्याच्या सुरुवातीच्या भागातले शेतकरी सगळा ऊसच लावणार आणि शेवटच्या गावाला थेंब पोचणार नाही, हा प्रश्न तेव्हाही होता. त्यांनी ठरावीक तुकडे पाडून उसाखालचं क्षेत्र मर्यादित ठेवायचं, बाकीच्यात दुसरी पिकं आळीपाळीने घ्यायची आणि पाणी जास्त गावांत फिरवायचं अशी आखणी केली. तो प्रश्न आजही आहे तिथेच आहे. इंदापूरच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाच्या गावांमधला माणूस आणि सुरुवातीच्या भागातला माणूस पाण्याबद्दल बोलायला लागले की दोघांच्या बोलण्यात केवढा फरक पडतो ते या रस्त्यावर थांबत थांबत गेलं की ऐकायला मिळतं. वाटपाला शेजपाळी म्हणतात, त्यात पाणी टेलकडून हेडकडे, म्हणजे सुरुवातीकडे, पाळीने देत यायचं असतं, म्हणजे शेवटच्याला आधी. कागदावर फार न्याय्य पद्धत आहे. प्रत्यक्षात काय होतं ते टेलच्या लोकांना विचारा.

फाट्यांना इथे नावं नसतात, नंबर असतात. कालव्यातून जो छोटा कालवा फुटतो तो फाटा, सरकारी भाषेत वितरिका, त्यातून चारी, चारीतून पोटचारी आणि मग रानात. लोक पत्ता सुद्धा तसाच सांगतात, अमक्या नंबरच्या फाट्याशी या, तिथून खाली वस्ती. मी रस्ता विचारायला गावाचं नाव घेत नाही, फाट्याचा नंबर घेते, लगेच नीट सांगतात. प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी लोखंडी दार, वर स्क्रू, तो फिरवायला पाटकऱ्याकडे हँडल. एकदा करंजेपूलच्या अलीकडे एका पाटकरी काकांना दार उघडताना बघत उभी होते, दोन्ही हातांनी हँडल फिरवत होते, एक आटा सरकायला अर्धा मिनिट, ग्रीसने बोटं काळी, आणि दाराखालून पाणी आधी नुसतं फुरफुरलं, मग एकदम गढूळ, पालापाचोळा, एक प्लास्टिकची बाटली, आणि मग हळूहळू निवळ. त्यांनी पट्टीवर पाण्याची उंची बघितली, परत थोडं फिरवलं, परत बघितलं. म्हणाले, "ताई, हे एवढं बोटभर जास्त गेलं ना, तर रात्री मला फोन येतो खालनं." कितीतरी लोकांचं वर्षाचं पीक त्या हँडलच्या फिरवण्यावर आहे, आणि काका सायकलवरच आलेले, साधी काळी सायकल, कॅरिअरला हँडल बांधलेलं. माझ्या सायकलचे टायर दाबून बघितले आणि म्हणाले, हे बरंय, मुरमात बसत नसंल.

तर टायरचं. हा प्रश्न सगळे विचारतात म्हणून सविस्तर. कॅनॉलचा रस्ता म्हणजे एकच प्रकार नाही, मुरूम टाकून दाबलेला चांगला पट्टा असतो तिथे वीस-बावीसच्या स्पीडने आरामात जाता येतं, मग अचानक ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे गवत, मग खडी, मग काळ्या मातीचा वाळलेला पट्टा ज्याच्यात बैलांचे खूर उमटून तसेच कडक झालेत, तिथे दात वाजतात. रोड बाइकचे पंचवीस-अठ्ठावीसचे टायर इथे आणू नका. ३८ ते ४२ मिलिमीटर असले की झालं, आणि त्याला महागडी ग्रॅव्हल बाइकच पाहिजे असं अजिबात नाही, चांगल्या हायब्रिडमध्ये ४० चे टायर बसत असतील तर तीच सायकल इथे उत्तम चालते, एमटीबी तर चालतेच. मी हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवते.

पण खरा शत्रू खड्डे नाहीत, काटे आहेत. वेडी बाभूळ कालव्याच्या दोन्ही कडांना मातलेली आहे, तिच्या तोडलेल्या फांद्या रस्त्यावर पडतात आणि तो काटा बोटभर लांब, टायरच्या बाजूने सुद्धा आत जातो. आणि दुसरा सराटा, पावसाळा संपला की जमिनीसरशी पसरलेली पिवळ्या फुलांची वेल दिसते तिच्याखाली त्याची फळं वाळून पडलेली असतात, कशीही पडली तरी एक टोक वरच. ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे भोक आतूनच बुजवणारा द्रव, घाला, हे मी हात जोडून सांगते. ट्यूबवरच चालवणार असाल तर ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या आणि वर दोन ट्यूबा, पॅच किट आणि छोटा चिमटा ठेवा, काटा आत तुटला की तो नखाने निघत नाही. मधे पंक्चरचं दुकान गावात मिळेल, पण गाव कॅनॉलपासून दोन-तीन किलोमीटर खाली असतं आणि तिथल्या दुकानदाराकडे तुमच्या व्हॉल्व्हचा पंप असेलच असं नाही.

अजून एक गोष्ट रस्त्यात आडवी येते ती म्हणजे पाइप. लोकांनी कालव्यातून मोटारीने पाणी उचलून रस्ता ओलांडून खाली नेलेलं असतं, काही पाइप नीट पुरलेले, काही नुसते मातीने झाकलेले, त्यावरची माती वाहून गेली की पीव्हीसीचा पाइप उघडा. त्याच्यावरून स्पीडने उडी मारून जाऊ नका. तुमचा टायर वाचेल पण पाइप फुटला तर ज्याचा आहे त्याचं नुकसान, त्या दिवशी त्याची पाळी असली तर फारच. उतरा, सायकल उचला, पलीकडे ठेवा.

कधी जायचं? माझं मत स्पष्ट आहे, डिसेंबर ते फेब्रुवारी, रब्बीचं आवर्तन चालू असताना. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, त्यात आवर्तन ठरतं, पेपरच्या जिल्हा पानावर बातमी येते, मी ती वाचून राइड ठरवते. पाणी वाहतं असलं की सगळा रस्ताच वेगळा होतो, हवा गार असते, खंड्या तारेवरून पाण्यात सूर मारतो, धोबी पक्षी रस्त्यावर तुमच्या पुढे पुढे शेपटी हलवत पळतो, नीलपंख उडाला की तो निळा रंग डोळ्यात भरतो. वेडे राघू तर ठिकठिकाणी. पाणी बंद असताना गेलं तर तळाशी डबकी उरलेली असतात, पोरं त्यात मासे धरत असतात, खात्याचा जेसीबी गाळ काढत असतो, तेही बघण्यासारखंच, पण रस्ता गाळाने भरलेला मिळू शकतो.

याच दिवसांत कारखान्यांचा सीझन असतो. सोमेश्वर, माळेगाव, पुढे भवानीनगरचा छत्रपती, तिन्ही सहकारी साखर कारखाने याच कालव्याच्या पट्ट्यात आहेत, त्याच्या पुढे वालचंदनगर. कारखाना दिसायच्या आधी मळीचा वास येतो. ऊसतोड कामगारांच्या खोप्या, बैलगाड्यांच्या रांगा, आणि पहाटे अंधारात फडात चाललेलं काम. बीडकडून, मराठवाड्यातून ही माणसं सहा-सहा महिने घर सोडून आलेली असतात, बायका डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात, हे सायकल थांबवून फोटो काढायचं दृश्य नाही. मी विचारल्याशिवाय एकही फोटो काढत नाही आणि बहुतेक वेळा विचारतही नाही. उसाने भरलेली दोन ट्रॉल्यांची जोडी कधीकधी कॅनॉलच्या रस्त्यानेच येते, तेव्हा रस्त्यावर तुमच्यासाठी जागाच उरत नाही, लांबून आवाज आला की मोकळी जागा बघून आधीच बाजूला थांबायचं, आणि कालव्याच्या बाजूला नाही, शेताच्या बाजूला.

पावसाळ्यात जाऊ नये असं मी म्हणत नाही, मुरमाचे पट्टे पावसात छान घट्ट होतात, पण मधेच काळी माती लागली की खेळ खलास, ती टायरला चिकटते, मग तिच्यावर अजून, शंभर मीटरमध्ये चाक फोर्कमध्ये अडकून फिरायचं बंद होतं, आणि खांद्यावर सायकल घ्यावी तर ती दुप्पट वजनाची झालेली. शिवाय जोराच्या पावसात भराव कमकुवत होतो. २०२५ च्या मे महिन्यात अवकाळी पावसाने बारामतीजवळ हाच कालवा फुटला होता. मोठा पाऊस झाला असेल तर आठवडाभर तरी थांबा आणि ओळखीच्या कोणाला फोन करून विचारा. एप्रिल-मे मात्र नको, सकाळी आठलाच ऊन चटके द्यायला लागतं आणि वडालिंबाची सावली सगळीकडे नाही.

बाईने एकटीने जावं का? हा प्रश्न मला मेसेजमध्ये येतो आणि मी त्याला खरं उत्तर देते. हायवेवर मला ट्रकची भीती वाटते, कॅनॉलवर ती शून्य. पण शुकशुकाट असतो, दोन्ही बाजूंना उभा ऊस असला की मागचं-पुढचं दिसत नाही, आणि मदतीला कोणी नाही असे तीन-चार किलोमीटरचे पट्टे लागतात. मी दोघी-तिघींनी जाते, उजाडल्यावर सुरू करून दुपारच्या आत संपवते, आणि मोबाइलचं लाइव्ह लोकेशन घरी चालू असतं. आजवर लोक चांगलेच भेटलेत. कपडे धुणाऱ्या बायका आधी बघत राहतात, मग एखादी आजी हाक मारते, "कुठली गं तू पोरी, आणि एवढ्या लांब सायकलवर कशापायी?" वस्तीवर पाणी मागितलं तर पाण्याआधी चहा ठेवतात, हंगाम असला तर उसाचं कांडं हातात देतात. "पाव्हणं" म्हणून हाक आली की थांबावं, दोन मिनिटं बोलावं. मी मामाचं गाव सांगितलं की पुढचं संभाषण आपोआप होतं, कुणाची कोण, मग कुठल्या वाड्यातली. वस्तीवरची कुत्री मात्र ओळखपाळख मानत नाहीत, ती धावत आली की सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरायची आणि चालत पुढे जायचं, नव्वद टक्के वेळा तेवढ्यावर भागतं.

पाण्यात उतरू नका. हे वेगळं लिहावंसं वाटलं कारण दर वर्षी कॅनॉलमध्ये बुडाल्याच्या बातम्या येतात आणि दर वर्षी शहरातून आलेली पोरं पाणी संथ दिसतंय म्हणून उडी मारतात. वरून संथ दिसतं, आत ओढ असते, काँक्रीटचं अस्तर असलेल्या भागात कडा तिरप्या आणि शेवाळलेल्या, धरायला काही नाही, चांगला पोहणारा सुद्धा बाहेर येऊ शकत नाही. आणि पुढे मोरी किंवा सायफन, म्हणजे पाणी खालून नेणारा बंद बोगदा, असेल तर विचारच नको.

अस्तरावरून आठवलं, हा इथला मोठा वादाचा विषय आहे आणि मी त्यात शेतकऱ्यांच्या बाजूला आहे. काँक्रीट केलं की पाणी झिरपत नाही, टेलपर्यंत जास्त पाणी पोचतं, हे खरं. पण या पट्ट्यातल्या विहिरी इतकी वर्षं त्याच पाझरावर भरत आल्यात, तो पाझर बंद झाला तर विहिरी आटणार म्हणून गावोगाव विरोध होतो. उलट बाजूही रस्त्यावरून दिसते, काही ठिकाणी खालच्या अंगाला जमिनीवर पांढरा थर आलेला, मीठ सांडल्यासारखा, तिथे काही उगवत नाही, चोपण झालेली जमीन. जास्त पाणी आणि निचरा नाही, त्याचा हा परिणाम, आणि तो नीरा कालव्यावर शंभर वर्षांपूर्वीच दिसायला लागला होता. त्यामुळे सरसकट काँक्रीट करा किंवा अजिबात करू नका यापेक्षा कुठे पाझर विहिरींना उपयोगी आहे आणि कुठे तो जमीन मारतोय हे गावागावाने बसून ठरवायला पाहिजे असं मला वाटतं. सायकलवाल्यांनी यात बोलायचं काय काम असं एकाने मला म्हटलं होतं. ज्या रस्त्यावर आपण इतका आनंद घेतो त्याच्या दोन्ही बाजूंना काय चाललंय याच्याकडे बघायचंच नाही, हे मला जमत नाही.

तसंच या रस्त्यावर डांबर किंवा पेव्हिंग ब्लॉक टाकून सायकल ट्रॅक करा अशी मागणीही अधूनमधून कानावर येते, कृपा करून नको. डांबर आलं की मोटरसायकली आल्या, गाड्या आल्या, मग ढाबे आले. मुरूम आहे तसा दर दोन-तीन वर्षांनी टाकून दाबला, काटे छाटले, एवढं पुरे आहे, त्यात बैलगाडीवाल्याचंही भलं, पाटकऱ्याचंही आणि आपलंही.

पोचायचं कसं ते राहिलंच. पुण्याहून सासवड-जेजुरी करत नीरा सत्तरेक किलोमीटर, दिवे घाट आणि त्या रस्त्यावरची वाहतूक बघता मी सायकल गाडीच्या रॅकला लावून नीरेपर्यंत नेते आणि तिथून सुरू करते. नीरा स्टेशन पुणे-मिरज लाइनवर आहे, बारामतीहून दौंडला जाणारी लाइन आहे, त्यामुळे एका टोकाला गाडी नको असेल तर रेल्वेचाही विचार होऊ शकतो, फक्त सायकल लगेजला घेतात का आणि कुठल्या गाडीला, ते स्टेशनवर आधी विचारून घ्या. खाणं बरोबर ठेवा, कॅनॉलवर हॉटेल नाही. सोमेश्वरनगर किंवा वडगावला खाली उतरलं की वडापाव, मिसळ मिळते, गुऱ्हाळ चालू असेल तर गरम काकवी मागून घ्या, भाकरीबरोबर नसली तर नुसती. पहिल्यांदाच जाणार असाल तर नीरा ते करंजेपूल आणि परत, एवढंच करा, रस्त्याचा अंदाज येतो. बारामतीच्या पुढे सणसर, लासुर्णे, अंथुर्णेकडे रस्ता जास्त मोकळा आणि जास्त उन्हाचा आहे, तिथे बरोबर तीन लिटर पाणी पाहिजे. तुकोबांच्या पालखीचा मार्ग याच गावांवरून जातो, आषाढीच्या आधी त्या आठवड्यात सायकल घेऊन जाऊ नका, रस्ता वारकऱ्यांचा असतो.

या वेळच्या रब्बीत मला नदीच्या पलीकडे जायचंय, नीरा उजवा कालवा, लोणंदच्या बाजूने फलटणकडे आणि जमलं तर पुढे माळशिरसपर्यंत. तिथे कालवा नदीच्या उजवीकडे, म्हणजे पाण्याच्या दिशेने जाताना हिरवं डाव्या हाताला आणि माळ उजव्या हाताला येणार. फलटण ते नातेपुते या भागातल्या रस्त्याची सध्याची स्थिती कोणाला माहिती असेल, विशेषतः मुरूम टाकलाय का आणि कुठे भराव तुटलाय का, तर नक्की सांगा, दोघी तयार आहेत, तिसरीला जागा आहे.